काशाचं लेकरू, एक अदद

ती घटना विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण आजही आठवते. तीसेक वर्षांच्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, विहिरीतून फुगलेली प्रेतं काढली. त्यातलं निम्मं आता डोक्यातून गेलं. ही मात्र जात नाही, आणि गंमत अशी की हिच्यात ना खून होता ना दरोडा. चोरी होती, तीही एका पुतळ्याच्या तुकड्याची. नावं कुणाची घेणार नाही. काहींची नातवंडं अजून त्याच भागात नांदताहेत. आणि या प्रकरणात स्वतःचंच नाव घ्यायची मला लाज वाटते, तर दुसऱ्याचं कोणत्या तोंडानं घेऊ?

निजामाचं राज्य होतं. जालन्याच्या दक्षिणेला, गोदावरीच्या अंगाच्या एका तालुक्यात मी अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. वय अठ्ठावीस, अंगात मस्ती आणि वरच्यांच्या नजरेत भरायची हौस. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक हवालात आणि पुढं पडवी. पडवीत मुहर्रिर, म्हणजे आमचा लेखनिक, मांडीवर फळी घेऊन रोजनामचा लिहायचा. सगळा कारभार उर्दूत चाले, शिव्या तेवढ्या मराठीत. सहा जवान होते आणि एक म्हातारा जमादार होता. माझ्या वयापेक्षा त्याची नोकरी मोठी, म्हणून तो मला ‘साब’ म्हणायचा तेव्हा मलाच थोडं अवघडल्यासारखं होई. पण ते मी दाखवत नसे.

तालुक्यातल्या एका मोठ्या गावचे देशमुख हैदराबादेला जाऊन आले. तिथल्या बागांमधले पुतळे पाहिले आणि आपल्याही गावात पुतळा पाहिजे हे त्यांच्या डोक्यानं घेतलं. आजोबांचा बसवावा तर लोक म्हणतील मिरवतो. सरकारातल्या कुणाचा बसवावा तर परवानगीच्या खेपा. शेवटी त्यांनी तोड काढली ती अशी, की शेतात राबणाऱ्या मजुरांचा पुतळा बसवायचा! सुभेदारसाहेबांना, म्हणजे सगळ्या सुभ्याच्या मुख्य अंमलदारांना, कल्पना फार पसंत पडली. आदल्याच सुगीत त्या गावच्या मजुरांनी चार दिवस काम बंद ठेवलं होतं. देशमुखांच्या माणसांनी ते पुन्हा कसं चालू केलं हे मला पक्कं माहीत होतं, कारण माझेच दोन जवान तिथं काठ्या घेऊन उभे होते. त्यावर हा पुतळ्याचा उतारा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

मुंबईहून मूर्तिकार आला. देशमुखांच्या शेतावरचा एक सालगडी आणि त्याची बायको, अशी दोन माणसं समोर उभी करून त्यानं मातीत नमुना केला आणि मुंबईला घेऊन गेला. वर्षा-सव्वावर्षानं काशाचा ओतीव पुतळा बैलगाडीतून गावात आला. मी तो पाहिला होता. खरं सांगायचं तर काम अस्सल होतं. पुरुष गुडघ्यावर बसून कडब्याची पेंढी बांधतोय, बाई शेजारी उभी, उजव्या हातात विळा, डाव्या कडेवर लेकरू. पायाशी एक घागर. खाली दगडावर उर्दूत आणि मराठीत कोरलं होतं, ‘घाम गाळणाऱ्या हातांस.’ चौकात चबुतरा बांधून वर पुतळा बसवला, गोणपाट गुंडाळून झाकला आणि अनावरणाला सुभेदारसाहेबांची तारीख घेतली.

तारखेला नऊ दिवस उरले असताना देशमुखांचा मुकादम घोडं दामटत ठाण्यात आला. पडवीत चढता चढताच ओरडला, “साहेब, लेकरू चोरीला गेलं!”

मी ताडकन उठलो. “कुणाचं लेकरू?”

“पुतळ्याचं.”

जमादार खो खो हसला. मीही हसलो. मुकादमाला मात्र घाम फुटला होता. त्यानं सांगितलं की काल बाजारचा दिवस होता, गाव सगळं बाजारात गेलेलं, आणि संध्याकाळी गोणपाट सैल दिसलं म्हणून उचलून पाहिलं तर बाईच्या कडेवर मूल नाही. देशमुखांचा निरोप होता की बोभाटा करू नका, पण सुभेदारसाहेब यायच्या आत माल परत पाहिजे. दुपारपर्यंत मोहतमीम साहेबांचाही निरोप आला. मोहतमीम म्हणजे जिल्ह्याचे पोलीसप्रमुख. त्यांचा निरोप आणखी आखूड होता. नऊ दिवसांत माल सापडला तर बढतीची शिफारस, नाही सापडला तर मी आहे आणि सरहद्दीवरचं एखादं नाकं आहे.

मी जागेचा पंचनामा केला. मूल वेगळं ओतून मागून तीन बोल्टांनी जोडलेलं होतं. ते बोल्ट कापलेले नव्हते, पान्यानं नीट खोलून चबुतऱ्यावर ओळीनं ठेवलेले होते. युद्ध चालू होतं, तांब्या-पितळेला सोन्याची किंमत आली होती, तेव्हा हे धातूच्या चोराचं काम असं मी एका झटक्यात ठरवून टाकलं. पायाशी ती काशाची घागर नुसती ठेवलेली होती, मिस्तरीनं ती अजून बसवलीसुद्धा नव्हती. कोणीही बगलेत मारून नेली असती. मुलापेक्षा ती दुप्पट वजनाची. धातूचा चोर घागर सोडून मूल कशाला नेईल? हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. मला पडला नाही. घाईत असलेल्या पोलिसाला डोळे असतात पण ते पुढच्या तारखेवर लागलेले असतात, हे मी पुढं पुष्कळ तरुण अधिकाऱ्यांत पाहिलं.

एक गोष्ट तेवढी नियमानं केली. काय चोरीला गेलं हे गावात कुणाला कळू द्यायचं नाही, अशी मुकादमाला ताकीद दिली. चोरीचा माल काय हे चोराच्या तोंडून ऐकायचं असतं. गावाला कळलं ते एवढंच की पुतळ्याजवळ काहीतरी चोरी झाली.

“संशय कुणावर?” मी मुकादमाला विचारलं.

तो लगेच म्हणाला, “ज्याचा पुतळा, त्याच्यावरच. तो सालगडी. पुतळा आल्यापासून तोंड फिरवून जातो. एकदा तर थुंकला. आन् काल बाजारात दिसला न्हाई कुणाला.”

झालं. सालगड्याला दोन जवानांनी शेतातून उचलून आणला. तिशी-बत्तिशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. ज्याच्या मानासाठी पुतळा उभा केला तोच माझ्या हवालातीत होता, आणि त्यात मला काही विचित्र वाटलं नाही. तीन दिवस त्याला तळव्यांवर मार दिला. जवान मारत होते आणि मी खुर्चीवर बसून विचारत होतो, “माल कुठाय?” असं लिहिलं की हात स्वच्छ राहतात, म्हणून सांगून टाकतो: तिसऱ्या दिवशी जवानाच्या हातातली काठी मी स्वतः घेतली होती.

तीन दिवस त्याचं एकच. “न्हाई साहेब. म्या काहीच नेलं न्हाई. आईची आन.” ओरडत होता, रडत होता, पाया पडत होता. खोटं बोलणारा माणूस एवढा सरळ रडत नाही हे जमादारानं मला एकदा हळूच सांगून पाहिलं. मी त्याला गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला आणि स्वतःचाच नियम मी मोडला. ओरडलो, “लेकरू कुठं लपवलंस ते बोल!”

तो रडायचा थांबला. माझ्याकडं बघत राहिला. “कंचं लेकरू?”

“पुतळ्याचं. कडेवरचं.”

मग पाय ओढत भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, “म्याच नेलं साहेब. लिवून घ्या.”

“कुठं टाकलंस?”

“गंगंत.” आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

“काढलंस कशानं?”

“कुऱ्हाडीनं. तोडलं.”

बोल्ट तर पान्यानं खोललेले. म्हणजे तीन दिवस खरं बोलणारा माणूस आता धडधडीत खोटं बोलत होता, आणि ते त्यानं मालाचं नाव ऐकताक्षणी सुरू केलं होतं. नाकारणारा माणूस असा एकदम कबूल झाला तर तो मारानं झालेला नसतो, त्याला काहीतरी उमगलेलं असतं. तो कुणाला तरी पाठीशी घालत होता. एवढं मला कळलं, आणि माझ्या हुशारीवर मीच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी ठाण्यात आला. हा आमचा नेहमीचा खबऱ्या. आठ गावांत त्याचा वस्तरा फिरायचा, आणि माणूस दाढीला बसला की पोटातलं ओठावर येतं. माझ्या गालाला साबण लावत तो म्हणाला, “साहेब, एक बात सांगू का? देशमुखाच्या गावच्या ओढ्याला, जिथं ल्हान लेकरांना माती देतात ना, तिथं नवी माती दिसून राह्यली. वर दगडं रचलेले, बोराटीचे काटे लावलेले, सगळं बराबर रितीनं. पर त्या गावात कुणाचंच लेकरू गेलेलं न्हाई. म्या बिलकुल खात्रीनं सांगतो.”

मी अर्ध्या दाढीनिशी उठलो. कुणी तरी बाईनं पाप लपवण्यासाठी मूल मारून पुरलं, हे डोक्यात आलं आणि अंगात वारं शिरलं. पुतळ्याचा तुकडा राहिला बाजूला, हा तर खुनाचा गुन्हा! घोडं काढलं आणि जमादाराला घेऊन त्या गावच्या पोलीस पाटलाकडं गेलो. जन्म-मृत्यूची वही त्याच्याकडं असायची. गेल्या तीन महिन्यांत गावात एकही मूल दगावल्याची नोंद नव्हती. न्हावी खरं बोलत होता. मी मागची पानं उलटत गेलो, काही शोधायचं म्हणून नव्हे, हाताला चाळा म्हणून. गेल्या वर्षीच्या सुगीतली एक ओळ दिसली. मुलगा, दहा महिने, ताप. बापाच्या नावावर नजर गेली तर ते नाव माझ्या हवालातीतल्या माणसाचं होतं.

“ह्याचं लेकरू मेलं होतं?” मी पाटलाला विचारलं.

“व्हय की. मूर्तीवाला आल्ता ना, तवाच. चांगलं गुटगुटीत व्हतं. मूर्तीत तेच तर हाये.”

वही मिटली. जमादारानं माझ्याकडं पाहिलं. त्याला माझ्या आधीच समजलं होतं.

गावाबाहेर सालगड्याचं खोपटं होतं. त्याची बायको दारात गवऱ्या थापत बसली होती. पुतळ्यातलीच ती, ओळखायला वेळ लागला नाही. फक्त पुतळ्यातली भरलेली होती, ही निम्मी उरलेली. मला पाहून उठली, हात पुसले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, “त्याहिला सोडा साहेब. त्याहिनी न्हाई केलं. म्या केलं.”

“मग इतके दिवस गप्प का बसलीस? तो मार खातोय तिकडं.”

“म्या दोनदा आले ठाण्यात. शिपायानं दारातूनच हाकललं.”

हे खरं होतं. बाया रडायला येतात, त्यांना आत सोडू नका, असा माझाच हुकूम होता.

“काढलंस कसं?”

“मुंबईचा मिस्तरी बसवत व्हता तवा खाली चुना म्याच कालवत व्हते. बगत व्हते. तीन पेच. पाना देशमुखाच्या पडवीत खुंटीला. बाजाराच्या दिशी समदे गेल्ते. दुपारचं गोणपाटात शिरले, काढलं, टोपल्यात ठिवलं, वरून गवऱ्या रचल्या.”

“कशासाठी?”

ती खाली बसली. जमादारही उंबऱ्याशी बसला. मी एकटा उभा राहिलो. तिनं जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण ते माझ्या शब्दांत लिहायचा मी पूर्वी एकदा प्रयत्न केला होता आणि तो कागद फाडून टाकावा लागला.

“मूर्तीवाला आल्ता तवा लेकरू धा महिन्यांचं व्हतं. पैले दोन दिस त्याला कडंवर घिऊन उभी राह्यले, देशमुखाच्या वाड्यामागच्या खोलीत. तिसऱ्या दिशी त्याला ताप भरला. मुकादमाला म्हनलं, आज न्हाई येत. तो म्हनला, लेकराचं तोंड झालंय करून, आता तुझंच ऱ्हायलंय, गोधडीचं गाठोडं घे कडंवर. मंग गोधडी घिऊन उभी राह्यले. दुपारी सासूनं शेजारनीला धाडलं. लेकराचे डोळे फिरून राह्यले, जल्दी ये म्हून. तिचा आवाज म्या ऐकला साहेब. भिंतीपल्याडून माझं नाव घिऊन हाका मारू राह्यली. म्या खाली उतरले तर मुकादमानं दाराला कडी घातली. म्हनला, हालू नको, मूर्ती बिघडंल. मूर्तीवाला परवा चाल्ला. घंटाभरात सोडतो.”

“मग?”

“मंग काय. न्हाई हालले.”

तिचा मुलगा दुपार कलताना गेला. लहान जिवाला दिवस बुडायच्या आत माती द्यावी लागते. आजीनं वाट पाहिली तेवढी पाहिली, बापाला शेतातून बोलावलं आणि मूल ओढ्याकाठी नेलं. संध्याकाळी ही मोकळी होऊन घरी धावत आली तेव्हा आढ्याला टांगलेली झोळी सोडून घडी करून ठेवलेली होती.

“माझ्या हातची मूठभर माती न्हाई पडली त्याच्यावर,” ती म्हणाली. “वरीस गेलं. मंग हा गाडीतून आला. तेच नाक, तेच कान, खालचा ओठ तसाच. आन् उन्हात उभा केला. म्हनलं, देवानं धाडला परत. एकदा मपल्या हातानं निजवीन. तेवढंच केलं साहेब, त्याच्या शेजारीच निजवला. मला न्या. धा वर्सं घाला. पर त्याला उकरू नका. निजला हाये.”

मी तिथून बाजूला झालो. जमादार मागोमाग आला. म्हातारा कधी नव्हे तो माझ्या हाताला धरून मला लिंबाखाली घेऊन गेला आणि म्हणाला, “साब, ये माल नै, मय्यत है. मय्यतकू निकालते क्या कोई? ‘अदम-पता’ लिख डालो. मरदकू छोड दो. देशमुखका क्या जाता, दूसरा बच्चा ओतून घेईल!”

अदम-पता म्हणजे तपास लागला नाही. एक ओळ लिहायची आणि फाइल बंद. ओढ्याकाठी काय आहे हे फक्त तिघांना माहीत होतं. न्हाव्याला काहीही सांगता आलं असतं. चोरी उघडकीस न येणं हा काही गुन्हा नव्हे. असल्या अदम-पता ओळींनी माझं कपाट भरलेलं होतं.

मी तिथं उभं राहून हिशोब केला. बढतीचा तर केलाच, पण त्याहून वाईट एक हिशोब केला. माल सापडला नाही तर तीन दिवस तळवे फोडलेला माणूस मला निर्दोष म्हणून सोडावा लागणार. कुणी विचारलं तर काय सांगू? माल सापडला, बायको चोर निघाली, तर त्या माराला कारण मिळतं. नवऱ्याला माहीत होतं, तो लपवत होता, म्हणून मारलं. स्वतःची काठी झाकण्यासाठी मला तो मुद्देमाल हवा होता. हे मी तेव्हाही स्पष्ट ओळखलं होतं, म्हातारपणी सुचलेलं नाही.

“पंच बोलवा,” मी जमादाराला म्हणालो.

त्यानं मान खाली घातली आणि गेला. त्या दिवसानंतर कामापलीकडं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

दुपारी ओढ्याकाठी पाटील, दोन पंच, मी, जमादार, ठाण्यातून बोलावून घेतलेले मुहर्रिर आणि एक जवान, आणि कुदळ घेतलेला एक गडी असे जमलो. बाईला समोर आणलं होतं, कारण जागा दाखवणारा आरोपी पंचांसमोर पाहिजे असतो. गड्यानं कुदळ उचलली तशी ती मधे आली.

“कुदळ नको लावू. लागंल त्याला.”

मग तिनंच काटे काढले, दगड बाजूला रचले आणि हातांनी माती उपसली. फार खोल नव्हतं. खाली मीठ पसरलेलं होतं. त्यावर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते मूल. डोक्यावर नवं टोपडं शिवलेलं, कपाळाला काजळाची तीट. एक पंच मागं सरकून ओढ्याकडं तोंड करून उभा राहिला. मी पंचनामा सांगत गेलो आणि मुहर्रिर लिहीत गेला: काशाचं लेकरू, एक अदद. टोपडं, एक अदद. कपड्याचा तुकडा, एक अदद. मीठ मोजता येईना, म्हणून ते लिहिलं नाही.

जवान माल उचलायला पुढं झाला तर ती म्हणाली, “म्या घेते.” मी हो म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. दहा-बारा शेरांचं ते ओझं तिनं डाव्या कडेवर घेतलं आणि उन्हातून दोन कोस ठाण्यापर्यंत चालत आली. वाटेत शेतातल्या बाया उभ्या राहून बघत होत्या. एकही बाई हसली नाही.

ठाण्याच्या पडवीत मी माल ताब्यात घ्यायला हात पुढं केले. तिनं ते मूल माझ्या हातांवर ठेवलं आणि म्हणाली, “मानेखाली हात धरा.”

आणि मी धरला. पोलिसाचा हात, काशाचा गोळा, आणि मी मानेखाली हात धरला! मुहर्रिरानं माझ्याकडं पाहिलं. मी चटकन ते टेबलावर ठेवलं आणि चिठ्ठी बांधायला सांगितलं.

तिचा जबाब झाला, अंगठा झाला. मला वाटलं संपलं. पण ती हलेना. म्हणाली, “आता माझी बी फिर्याद लिवा.”

“तुझी कसली फिर्याद?”

“देशमुखाच्या मुकादमानं मला खोलीत कडी लावून कोंडली. लेकरू मरू राह्यलं व्हतं, म्या जाऊ द्या म्हनत व्हते, जाऊ दिलं न्हाई. शेजारीन गवाही हाये. मूर्तीवाला बी व्हता. देशमुखाची चोरी लिवली ना तुमी, मंग हे बी लिवा.”

आवाज चढवला नव्हता. हात जोडले नव्हते. हक्काचं काहीतरी मागावं तसं मागत होती. मुहर्रिरानं नवा कागद पुढं ओढला, टाक दौतीत बुडवला आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबला.

“ह्याला कलम नाही बाई,” मी म्हणालो.

“न्हाई?”

“नाही. सरकारात असल्या गोष्टीला कलम नसतं.”

तिनं ते मानलं. शिकलेला माणूस, अंगावर वर्दी, कशाला खोटं बोलेल? मुहर्रिरानं टाक पुसून ठेवला आणि जवान तिला आत घेऊन गेला. ज्या हवालातीतून नवऱ्याला बाहेर काढलं त्याच हवालातीत तिला घातलं. दारात दोघांची गाठ पडली. तो म्हणाला, “काहून सांगितलंस?” ती त्याच्या पायांकडं बघत आत गेली.

मूल मिस्तरीनं पुन्हा बसवलं, या खेपेला बोल्टांची तोंडं ठोकून बंद केली. ठरल्या तारखेला सुभेदारसाहेब आले. मांडव, अत्तर, गुलाबपाणी, सगळा थाट. भाषणात ते म्हणाले की शेतावर राबणारा हाच राज्याचा कणा. मग त्यांना हौस आली की प्रत्यक्ष तो मजूर बघावा. देशमुखांनी मुकादमाला खूण केली, मुकादमानं सालगड्याला गर्दीतून पुढं आणलं आणि पुतळ्याशेजारी उभा केला. त्याला उभं राहता येत नव्हतं. तळवे माझ्या काठीनं फुटलेले होते. चबुतऱ्याचा कठडा धरून तो कसाबसा तोल सांभाळत होता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. सुभेदारसाहेबांनी विचारलं, “बायको कुठं आहे याची?” देशमुख म्हणाले, “माहेरी गेलीय, साहेब.” मी पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या वर्दीत होतो. मीही टाळी वाजवली.

तिला तीन महिन्यांची कैद झाली. न्यायाधीशासमोर तिनं गुन्हा कबूल केला, दुसरं काही बोलली नाही, कारण त्याला कलम नाही हे मीच तिला सांगून ठेवलं होतं. मला बढती मिळाली आणि दूरच्या तालुक्यात बदली झाली. जमादार निरोपाला आला नाही. पुढं त्या बाईचं, त्या माणसाचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. राज्य गेलं, नवं सरकार आलं, नव्या वर्दीतही मी पुष्कळ वर्षं काढली. तरी कामानिमित्त त्या गावावरून जायची वेळ आली की मी आजारी पडायचो.

निवृत्त अधिकारी म्हटलं की लोक विचारतात, साहेब, नोकरीनं काय शिकवलं? मी इतर वेळी सांगतो की तपासात घाई करू नये, खबऱ्याचं ऐकून घ्यावं, आणि गप्प झालेल्या माणसाकडं नीट बघावं. हे सगळं खरंच आहे. या प्रकरणानं शिकवलेलं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक कायद्याला आंधळा म्हणून शिव्या देतात. त्या दिवशी कायदा आंधळा नव्हता हो. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवणं हा निजामाच्या राज्यातही गुन्हा होता. त्याला कलम होतं, शिक्षा होती. अमीनच्या परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं, आणि पडवीत तिला ‘नाही’ म्हणालो तेव्हाही ते मला आकड्यासकट तोंडपाठ होतं.